गुणांची बेरीज करून ड्राफ्टची यादी का लागत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तीन वर्षं अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल नियमाने बघताय आणि एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या आधी दर वर्षी स्वतःची साठ नावांची यादी तयार करता. उंची, वय, गुण, रिबाउंड (नेम हुकल्यावर पकडलेला चेंडू), असिस्ट (गुण करून देणारा पास), थ्री-पॉइंटची (दूरच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांची) टक्केवारी असे बारा रकाने आहेत, प्रत्येकाला ठरावीक वजन आहे, बेरजेवरून क्रम लागतो. दोन वर्षांनी तीच यादी उघडली की वरची निम्मी नावं संघाबाहेर आणि तळातली दोन-तीन नावं चमकलेली. म्हणून तुम्ही विचारताय, की कोणत्या रकान्याला किती वजन द्यायचं आणि या कामातली माणसं कोणती वजनं वापरतात.

मी पंधराहून जास्त वर्षं हे काम करतोय. सुरुवात सामन्यांचे व्हिडिओ कापून देण्यापासून झाली, नंतर स्काउट (खेळाडू पारखणारा) म्हणून अहवाल लिहायला लागलो. पहिली दोन वर्षं मीही अगदी तुमच्यासारखाच तक्ता केला होता आणि वजनं बदलत बसायचो. वय दहा टक्के की पंधरा, यावर रात्री घालवल्यात. हळूहळू लक्षात आलं की वजनं कशीही ठेवली तरी यादी फसणारच, कारण चूक बेरजेत आहे.

तुमचा तक्ता सांगतो की आज, कॉलेजच्या मैदानावर, कोण किती चांगला आहे. ड्राफ्टमध्ये विचारलं जातं ते वेगळंच: चार वर्षांनी एखादा व्यावसायिक प्रशिक्षक या मुलाला सामन्यात तीस मिनिटं मैदानावर ठेवेल का, आणि ठेवला तर कोणत्या कामासाठी? हे 'कोणत्या कामासाठी' एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच आपोआप सुटतं.

बेरीज का चालत नाही ते आधी सांगतो. बेरजेत एका रकान्यातली कमतरता दुसऱ्या रकान्यातून भरून निघते. खऱ्या सामन्यात तसं होत नाही. समजा एक गार्ड (बाहेरून खेळणारा, चेंडू हाताळणारा खेळाडू) उत्तम नेम मारतो, चांगले पास देतो, पण समोरच्याला अडवताना त्याचे पाय चालत नाहीत. कॉलेजात त्याचा प्रशिक्षक झोन डिफेन्स (माणसाऐवजी जागा राखायचा बचाव) लावून त्याला कोपऱ्यात लपवतो. एनबीएत बचावपटूला बास्केटखालच्या रंगीत चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त नुसतं उभं राहता येत नाही, मैदान मोकळं असतं, आणि प्लेऑफमध्ये समोरचा संघ प्रत्येक वेळी त्याच मुलाला शोधून पिक अँड रोलमध्ये (एक साथीदार बचावपटूची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे वळतो, त्या चालीत) ओढतो. मग त्याचा नेम बाकावर बसून राहतो. काही उणिवा अशा असतात की त्या बाकीच्या सगळ्या गुणांना शून्याने गुणतात. काही मात्र खरोखर किरकोळ असतात. यातली कुठली कोणती, हे मुलाच्या कामावर ठरतं. सेंटरला (बास्केटपाशी खेळणाऱ्या उंच माणसाला) डाव्या हाताने खेळता आलं नाही तर चालून जातं, चेंडू हाताळणाऱ्या गार्डला नाही आलं तर दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या लीगला कळतं.

म्हणून मी क्रमांक देण्याआधी प्रत्येक मुलासाठी दोन वाक्यं लिहितो. पहिलं: हा मैदानावर कशामुळे टिकेल. दुसरं: याला मैदानावरून काय बाहेर काढेल. वाक्यात 'प्रतिभावान', 'मेहनती', 'अष्टपैलू' असले शब्द आले की मी ते खोडतो, कारण त्यातून काम कळत नाही. 'पिक अँड रोलमध्ये दोन बचावपटू अंगावर आले तरी कोपऱ्यातल्या माणसाला वेळेत पास देतो' हे वाक्य चालेल. पहिलं वाक्य सुचतच नसेल, तर त्या मुलाची आकडेवारी कितीही भरघोस असो, त्याला वर ठेवायला माझा हात धजत नाही.

२०१२ च्या ड्राफ्टमधला ड्रेमंड ग्रीन बघा. मिशिगन स्टेट विद्यापीठात चार वर्षं खेळलेला, त्या वर्षी बिग टेन या कॉलेजांच्या गटाचा सर्वोत्तम खेळाडू, आणि तरी ३५ व्या क्रमांकावर गेला. लोकांची तक्रार होती की पॉवर फॉरवर्डसाठी (बास्केटजवळचा ताकदीचा खेळाडू) उंची कमी आणि स्मॉल फॉरवर्डसाठी (बाहेरून खेळणारा चपळ खेळाडू) वेग कमी. म्हणजे दोन रकान्यांत दोनदा मार बसला. पण त्याचं काम लिहायला बसलात तर असं येतं: हात लांब आहेत, वेगवेगळ्या आकाराच्या माणसांना अडवतो, रिबाउंड घेऊन स्वतःच चेंडू पुढे नेतो आणि योग्य माणसाला देतो. अशा माणसाला कुठली जागा म्हणायची, हा प्रश्न प्रशिक्षकाला नंतर पडतो. २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. हे मी मागाहून लिहितोय आणि मागाहून लिहिणं सोपं असतं, हे मान्य. पण ही वाक्यं लिहायला लागणारी सगळी माहिती तेव्हाच्या सामन्यांत समोर होती.

आता मुख्य मुद्दा. काम ठरवताना मुलातलं काय बदलेल आणि काय बदलणार नाही, हे वेगळं काढावं लागतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं मूल्यमापन म्हणजे जवळजवळ एवढंच.

नेमबाजी बदलू शकते, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात तेही इथेच. कॉलेजच्या एका हंगामात मुलगा समजा १२० थ्री-पॉइंट मारतो आणि त्यातले ४२ आत जातात. झाले ३५ टक्के. पण ज्याची खरी क्षमता ३० टक्के आहे, त्याचेही नुसत्या नशिबाने सहा-सात हंगामांत एकदा ४२ किंवा त्याहून जास्त जातील. ज्याची क्षमता ४० आहे, तोही साधारण तितक्याच वेळा ४२ वर किंवा त्याखाली अडकेल. म्हणजे तुमच्या तक्त्यातला हा ३५ चा आकडा तुम्हाला फारच थोडं सांगतोय, आणि तुम्ही त्याला सगळ्यात जास्त वजन दिलंय. मी तीन गोष्टी बघतो. फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या नेमाची) टक्केवारी, कारण तिथे अंतर तेच, समोर कोणी नाही, हाताची खरी सवय दिसते. थ्री-पॉइंटचे प्रयत्न किती, कारण जो मारायला घाबरत नाही तोच पुढे शिकतो. आणि लेन्समधून नव्हे, प्रत्यक्ष बसून बघितलेली हाताची ढब: चेंडू प्रत्येक वेळी त्याच जागेवरून सुटतो का, दमल्यावर पाय वेगळे पडतात का.

कवाय लेनर्डची सॅन डिएगो स्टेटमधली थ्री-पॉइंटची टक्केवारी तिशीच्याही खाली होती, पण दुसऱ्या वर्षी फ्री थ्रो सुमारे ७६ टक्के. २०११ मध्ये तो १५ व्या क्रमांकावर गेला, इंडियानाने घेऊन जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोला दिला, आणि तिथे नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी त्याची ढब सुधारली. उलट बाजूला २०१७ चा लॉन्झो बॉल. यूसीएलए विद्यापीठात थ्री-पॉइंट ४१ टक्के, फ्री थ्रो ६७. एनबीएतल्या पहिल्या वर्षी थ्री-पॉइंट ३०.५ वर आला आणि फ्री थ्रो तर ४५ वर. फ्री थ्रोने आधीच खूण दिली होती. पण इथेच थांबलो तर मी तुम्हाला अर्धवट सांगितल्यासारखं होईल, कारण पुढे बॉलने आपली ढब बदलली आणि न्यू ऑर्लिन्समध्ये तो ३७ टक्क्यांच्या वर गेला. तेव्हा फ्री थ्रोची खूण म्हणजे शिक्का नव्हे. मुलगा सुधारायला तयार असेल आणि सुधारणारा माणूस शेजारी असेल, तर ती पुसली जाते. आणि बेन सिमन्स: एलएसयू विद्यापीठात अख्ख्या हंगामात त्याने फक्त तीन थ्री-पॉइंट मारले. २०१६ ला पहिल्या क्रमांकावर जाणं त्याच्या पासिंगला आणि शरीराला शोभणारंच होतं, पण बाहेरून मारायची इच्छाच नाही, ही गोष्ट तेव्हाच लिहून ठेवण्यासारखी होती.

ताकद वाढते. तिच्यासाठी मी कोणालाही खाली ढकलत नाही. २००७ च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत केविन ड्युरँटला १८५ पौंडांची, म्हणजे साधारण ८४ किलोंची बारबेल एकदाही उचलता आली नव्हती. तो दुसरा गेला. पुढे तो लीगचा मोठा तारा झाला.

हाडं मात्र जवळजवळ तीच राहतात. इथे तुमच्या तक्त्यात एक साधी दुरुस्ती करा: उंचीचा रकाना काढून तिथे हात वर करून उभं राहिल्यावरची पोहोच आणि पसरलेल्या हातांची लांबी टाका. शिकागोत दर मे महिन्यात कम्बाइन (ड्राफ्टआधीची चाचणी) होतं, तिथे या दोन्ही गोष्टी मोजतात आणि आकडे जाहीर होतात. रिबाउंड डोक्याने घेत नाहीत, हाताने घेतात. दोन मुलं सारख्याच उंचीची असतात, पण एकाची मान लांब आणि दुसऱ्याचे खांदे वर. बास्केटपाशी दुसरा मुलगा अर्धी वीत पुढे असतो. लेनर्डचे पसरलेले हात ७ फूट ३ इंच भरले होते, ग्रीनचे ७ फुटांहून जास्त. अपवाद अर्थातच असतात. २०१३ मध्ये १५ व्या क्रमांकावर गेलेला यानिस आंतेतोकुंपो ड्राफ्टनंतरही उंच होत गेला. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. म्हणून मुलगा फार लहान असेल तर मी पायांची, हातांच्या पंजांची आणि भावंडांची चौकशी करतो.

पायांची चपळाई आणि खेळ वाचण्याची नजर या दोन गोष्टी सुधारतात, पण मंद गतीने, आणि तक्त्यात त्या कुठेच दिसत नाहीत. त्या कशा बघायच्या ते जरा जवळून सांगतो, कारण तुमच्यात आणि संघांत खरा फरक इथेच पडतो.

एकच मुलगा निवडा आणि अर्धा सामना चेंडूकडे बघूच नका. फक्त त्याच्याकडे बघा. काही हंगामांपूर्वी मी एका गार्डला असाच बघत होतो. गुणांची सरासरी दहाच्याही खाली, कोणाच्याही यादीत नाव नाही. पलीकडच्या बाजूला पिक अँड रोल सुरू झाला. स्क्रीन लावलेला, म्हणजे वाट अडवलेला, उंच माणूस बास्केटकडे वळला. नियमाने अलीकडच्या खालच्या बचावपटूने एक पाऊल आत टाकून त्याला खांदा द्यायचा, आणि पास कोपऱ्यात गेला की परत आपल्या माणसाकडे धावायचं. बहुतेक कॉलेज खेळाडू इथे चेंडू बघत राहतात आणि अर्धा सेकंद उशिरा निघतात. हा मुलगा पास देणाऱ्याच्या खांद्याकडे बघत होता. खांदा कोपऱ्याच्या दिशेने फिरायला लागला तेव्हाच हा परत निघाला होता. चेंडू कोपऱ्यात पोचला तेव्हा हा तिथे हजर. शेवटची तीन पावलं बारीक, एक हात वर, कंबर खाली. समोरच्याने नेम न मारता ड्रिबल टाकला (चेंडू आपटत पुढे निघाला) तर याची कंबर लगेच वळली, पाय एकमेकांत अडकले नाहीत. चेंडूच्या त्या ताब्यात त्याच्या नावावर काहीच नोंदलं गेलं नाही. स्टील (चेंडू हिसकावणं) नाही, ब्लॉक (फटका अडवणं) नाही. पण पुढच्या दहा ताब्यांत त्याने हेच सात-आठ वेळा केलं आणि मी वहीत त्याचं पहिलं वाक्य लिहिलं.

चेंडू हातात असतानाची नजर तपासायला मी मनात मोजतो. पास हातात आला की 'एक' म्हणतो. 'दोन' म्हणायच्या आत मुलाने मारलं, दिलं किंवा ड्रिबल टाकलं, तर ठीक. तीन-चारपर्यंत चेंडू डोक्यावर धरून उभा राहत असेल, तर एनबीएच्या २४ सेकंदांच्या घड्याळात (तेवढ्या वेळात नेम मारावाच लागतो) त्याची ओढाताण होणार. कॉलेजात घड्याळ ३० सेकंदांचं असतं, तिथे हे खपून जातं. दुसरं, तो पास देण्यासाठी आधी हवेत उडतो आणि मग माणूस शोधतो का? ही सवय ज्यांना असते त्यांचे असिस्ट कॉलेजात भरपूर दिसतात, कारण तिथे हवेत असताना कोणीतरी मोकळं होतंच.

त्यासाठी प्रत्येक मुलाचे निदान तीन पूर्ण सामने बघा. एक तगड्या संघाविरुद्धचा, एक सामान्य, आणि एक ज्यात तो वाईट खेळला तो. वाईट सामना सगळ्यात जास्त शिकवतो: नेम लागत नसताना त्याने दुसरं कोणतं काम केलं? काहीच केलं नसेल, तर त्याचं काम फक्त नेम आहे, आणि नेमाची कसोटी मग फार कडक होते. तीन मिनिटांच्या निवडक क्षणांच्या चित्रफिती मात्र यादीसाठी बघू नका. त्यात जे दिसतं ते प्रत्येकालाच जमतं.

आकड्यांबद्दल थोडक्यात, कारण तुम्हाला त्यातलं बरंच माहीत असणार. प्रति सामना गुण सोडा आणि प्रति चाळीस मिनिटं किंवा प्रति शंभर पझेशन (चेंडूचे ताबे) असं बघा. २०१४-१५ च्या केंटकी विद्यापीठाच्या संघात इतके चांगले खेळाडू होते की प्रशिक्षक दोन वेगवेगळे पंचक फिरवत असत. संघ ३८ सामने जिंकून एकच हरला. कार्ल-अँथनी टाउन्स आणि डेव्हिन बुकर दोघांचीही सरासरी जेमतेम दहा गुण, खेळायला मिळणारी मिनिटं वीस-एकवीस. टाउन्स पहिला गेला, बुकर १३ वा, आणि बुकरने तर त्या हंगामात एकाही सामन्यात सुरुवात केली नव्हती. तुमच्या तक्त्यात दोघंही चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास कुठेतरी पडले असते. माझ्या अनुभवात रिबाउंड, स्टील आणि ब्लॉक यांची दरं कॉलेजातून एनबीएत बऱ्यापैकी टिकतात. गुणांची संख्या सगळ्यात कमी टिकते, कारण कॉलेजात जो चेंडू सतत हातात धरून खेळतो, त्याला पुढे बहुधा तो धरायला मिळत नाही.

युरोपातल्या मुलांचे आकडे वेगळे वाचा. तिथे मोठ्या माणसांच्या लीगमध्ये एकोणीस वर्षांच्या पोराला दहा मिनिटं मिळणं हीच मोठी गोष्ट. लुका डॉन्चिच २०१८ मध्ये त्या वयात रेआल माद्रिदकडून युरोलीगचा (युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि तरी दोन संघांनी त्याला सोडून दुसऱ्यांना घेतलं. तिसऱ्याने घेऊन दुसरीकडे दिला.

वयाला मी महत्त्व देतो, पण वजन म्हणून नाही, चष्मा म्हणून. अमेरिकन मुलाला ड्राफ्टसाठी त्या कॅलेंडर वर्षात १९ पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं असावं लागतं. म्हणजे यादीत एकोणीस आणि तेवीस शेजारी शेजारी असतात. तेवीसचा मुलगा एकोणीसच्या मुलांना रेटून गुण काढत असेल तर त्यातला किती भाग वयाचा, हे वेगळं काढावंच लागतं. बुकर ड्राफ्टच्या दिवशी अठरा वर्षांचा होता, आणि त्याचे दहा गुण त्या चष्म्यातून वाचायला हवे होते. दुसरीकडे, मोठ्या वयाच्या मुलांना सरसकट खाली ढकलणं ही चूकही मी बरीच बघितली आणि स्वतः केलीही. जेलन ब्रन्सन व्हिलानोव्हात तीन वर्षं खेळून, दोन वेळा विजेता होऊन २०१८ मध्ये ३३ वा गेला. अशा मुलाचं काम आधीच स्पष्ट दिसत असतं. वाढायला जागा कमी असते हे खरं, पण चुकायला जागाही कमी असते.

दुखापती आणि स्वभाव या दोन बाबतींत बाहेरून बघणाऱ्याला फार काही कळत नाही आणि कळल्याचं सोंग आणू नये. संघांकडे वैद्यकीय अहवाल असतात. ते असूनही २००७ मध्ये ग्रेग ओडेन पहिला गेला आणि गुडघ्यांपायी कारकिर्दीत एकूण १०५ सामने खेळला. पायाचं हाड मोडलेला जोएल एम्बीड २०१४ मध्ये तिसरा गेला, दोन पूर्ण हंगाम बाहेर बसला आणि २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. तुम्ही यादीत अशा नावापुढे फक्त एक खूण करा आणि लिहा की क्रमांक तब्येत ठीक आहे असं धरून दिलाय.

आता क्रम. साठ नावं एका दोरीत ओवायचा हट्ट सोडा. मी गट करतो. ज्या मुलांमध्ये निवड करताना मला खरोखर फरक पडत नाही, ते एका गटात. काही वर्षी पहिल्या गटात एकच नाव असतं. २०२३ ला व्हिक्टर वेम्बन्यामाच्या शेजारी कोणाला ठेवायचा प्रश्नच नव्हता. काही वर्षी दुसरा गट चौथ्या क्रमांकापासून सतराव्यापर्यंत पसरतो, आणि तेव्हा 'सहावा की नववा' यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. गटाच्या आत मी जोड्या लावतो: हा द्या आणि तो घ्या, असं कोणी म्हणालं तर मी बदलेन का? उत्तर चटकन आलं तर क्रम लागला. नाही आलं तर दोघं बरोबरीत राहू देत.

प्रत्येक नावापुढे मी तीन शक्यता लिहितो: गोष्टी बिनसल्या तर काय, नेहमीसारख्या झाल्या तर काय, सगळं जुळून आलं तर काय. इथे परिस्थिती येते, कारण एकच मुलगा तिसऱ्या क्रमांकाला आणि पंचविसाव्या क्रमांकाला वेगवेगळ्या किमतीचा असतो. वरच्या तीन-चारांत तुम्ही असा माणूस शोधता, की त्याच्याभोवती संघ बांधता येईल. तिथे तिसरी शक्यता मोठी हवी, जरी पहिली भयंकर असली तरी. पहिल्या फेरीत निवडलेल्याला चार वर्षांचा करार मिळतो, त्यातली पहिली दोन वर्षं हमीची. विसाव्या क्रमांकापुढे निवड बहुधा चांगल्या संघाची असते, त्याला पुढच्याच वर्षी आठवा-नववा माणूस हवा असतो, तेव्हा मधली शक्यता महत्त्वाची. दुसऱ्या फेरीत हमी नसते, म्हणून तिथे पुन्हा मोठी उडी घेता येते. त्यामुळे 'माझी यादी' असं म्हणताना ती कोणासाठी, हे तुम्ही ठरवलं पाहिजे. तुम्ही कोणत्याच संघासाठी करत नसाल तर सरासरी संघ धरा आणि तसं वर लिहून ठेवा.

संघाची गरज बघून वरचा क्रमांक द्यायचा का? माझं उत्तर ठाम आहे: एकाच गटात असतील तर गरज बघा, गट ओलांडून कधीच नको. १९८४ मध्ये पोर्टलंडकडे आदल्या वर्षी घेतलेला गार्ड क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या क्रमांकाला सेंटर सॅम बोवीला घेतलं, जो कॉलेजात पायाच्या दुखापतीने दोन हंगाम बाहेर होता. तिसऱ्या क्रमांकाला गार्ड मायकल जॉर्डन राहिला.

मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेचं एक वेगळं सांगतो, कारण तिथे मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या काळात एका मुलाला मी फेब्रुवारीत पस्तिसाव्या जागी ठेवलं होतं. मार्चमध्ये त्याचे तीन सामने अफाट झाले, सगळे त्याच्याबद्दल बोलायला लागले, आणि मी त्याला पंधरावर आणलं. नवीन काहीच दिसलं नव्हतं. तेच फटके होते, फक्त आत जात होते. मी ज्या संघासाठी काम करत होतो, त्यांनी माझ्या अहवालावर विसंबून त्याला घेतलं आणि दीड वर्षात सोडलं. त्या मुलाचंही त्यात भलं झालं नाही. पहिल्या फेरीच्या अपेक्षा त्याच्या डोक्यावर बसल्या. तेव्हापासून मी मार्चच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी यादी बंद करतो, तारीख टाकतो, आणि नंतर कोणतंही नाव तीन जागांपेक्षा जास्त हलवायचं तर नवीन काय कळलं, ते एका ओळीत लिहितो. ओळ सुचली नाही तर नाव हलत नाही. दुसऱ्यांच्या याद्याही मी स्वतःची बंद होईपर्यंत उघडत नाही. एकदा दुसऱ्याचा क्रमांक बघितला की डोळे तेच शोधायला लागतात.

एक सावधगिरी. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा गेला आणि नंतर तीनदा सर्वोत्तम खेळाडू झाला. प्रत्येक वर्षी कोणीतरी 'हा पुढचा योकिच' म्हणून एखादा जाडसर, संथ सेंटर घेऊन येतो. योकिचला सगळ्यांनी सोडलं, निवडणाऱ्या डेन्व्हरनेही आधी दोन खेळाडू घेतलेच होते. अशा अपवादावरून पद्धत बांधली तर तुमची यादी आणखी बिघडेल. दिसण्यावरून तुलना करण्यापेक्षा कामावरून करा: पास देताना दोन्ही हात वापरतो का, चेंडू न बघता कटर (बास्केटकडे धावणारा साथीदार) दिसतो का. एवढं जुळत असेल तरच त्याचं नाव घ्या.

आणि दोन वर्षांनी यादी तपासताना फक्त 'बरोबर-चूक' लिहू नका. तुमचं पहिलं वाक्य खरं ठरलं का ते बघा. कधी वाक्य बरोबर असतं, पण मुलगा अशा संघात जातो जिथे ते काम दुसरं कोणी करत असतं. कधी वाक्य साफ चुकलेलं असतं आणि मुलगा भलत्याच कारणाने चालतो. तिथे तुमचा क्रमांक बरोबर आला तरी शिकण्यासारखं तुमच्या चुकीतच असतं. माझ्या वहीत असे दोन वेगळे रकाने आहेत आणि दर जुलैत मी पाच वर्षांपूर्वीची पानं उघडून बसतो. लेनर्डच्या बाबतीत एंगलंड यांच्यासारखा माणूस भेटला नसता तर काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून यादी नेमकी लागली नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. मात्र वाक्य का चुकलं, हे शोधायचं सोडू नका.

तुम्ही पुढच्या हंगामासाठी एवढंच करा. बारा रकान्यांचा तक्ता राहू दे, पण तो नावं गाळण्यासाठी वापरा, साठांवरून पंचवीसवर येण्यासाठी. त्या पंचविसांचे तीन-तीन सामने बघा, म्हणजे पंच्याहत्तर सामने. नोव्हेंबर ते मार्चमध्ये आठवड्याला चार पडतात, जमण्यासारखं आहे. पहिल्या दहा जणांची दोन-दोन वाक्यं लिहून झाली की इथेच टाका. मी वाचेन, आणि आधी दुसरं वाक्य वाचेन.